दार एक, सर्व्हर तीन : फायरवॉलवरचं लोड बॅलन्सिंग

१६ जुलै २०२१. महाराष्ट्र बोर्डाचा दहावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागणार होता. कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती, मार्क अंतर्गत मूल्यमापनावर दिले होते आणि निकाल होता तब्बल ९९.९५ टक्के! म्हणजे नापास व्हायची भीती जवळजवळ कोणालाच नव्हती. पण मार्क किती, हे तर प्रत्येकालाच बघायचं होतं. पावणेसोळा लाखांच्या आसपास मुलं, त्यांचे आई-बाबा, मामा, मावशी, क्लासचे सर, सगळे एकच्या ठोक्याला एकाच कामाला लागले. निकालासाठी दोन वेबसाइट दिलेल्या होत्या. दोन्ही बसल्या. अनेकांना निकाल दिसायला संध्याकाळ उजाडली.

आता गंमत बघा. त्यानंतर अठराच दिवसांनी, ३ ऑगस्टला बारावीचा निकाल लागला. या वेळी दोनऐवजी चार वेबसाइट दिल्या होत्या. त्यातली एक आपल्या पुण्याच्या एमकेसीएलची आणि एक एनआयसीची होती. एकाच दारावर होणारी गर्दी चार दारांत वाटून दिली. यालाच इंजिनिअरिंगच्या भाषेत लोड बॅलन्सिंग म्हणतात. फरक इतकाच, की इथे वाटणी मशीनने नाही, माणसांनी केली. कोणत्या साइटवर जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

माणसांवर सोडलं की काय होतं, ते आपल्याला मेसमध्ये रोज दिसतं. तीन काउंटर असले तरी सगळे पहिल्याच रांगेत उभे! दुसरं काउंटर रिकामं आहे हे कोणाला दिसत नाही, आणि तिसऱ्यावरची भाजी संपलीये हे तिथे पोचल्यावर कळतं. म्हणून दारातच एक हुशार माणूस हवा, जो येणाऱ्याला सांगेल, "तू तिकडे जा, तू इकडे ये, आणि तीन नंबरला कोणी जाऊ नका, तिथे संपलंय." कॉम्प्युटरच्या जगात हा माणूस म्हणजे लोड बॅलन्सर. आणि बऱ्याच कॉलेजांत, छोट्या ऑफिसांत, हॉस्पिटलांत त्याच्यासाठी वेगळं मशीन घ्यायची गरज नसते. आधीच बसवलेल्या फायरवॉलमध्येच तो असतो, फक्त कोणी चालू केलेला नसतो. तर मंडळी, हा लेख त्याच्याबद्दल.

आधी थोडं गणित

"एक चांगला भारी सर्व्हर घेतला की झालं, बॅलन्सर कशाला?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. गणित करून बघू. समजा, पावणेसोळा लाख मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत फक्त एकेकदा पान उघडलं. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. १५,७५,००० भागिले ६०० म्हणजे सेकंदाला साधारण २,६२५ मुलं. पण एक पान म्हणजे एक रिक्वेस्ट नसते. पान, लोगो, स्टाइल फाइल, मग सीट नंबर टाकल्यावरचं उत्तर असं धरून सहा रिक्वेस्ट म्हटल्या तरी आकडा पंधरा हजारांच्या पुढे जातो. आणि ही झाली सरासरी! खरी झुंबड पहिल्या मिनिटात उडते.

त्यात आपली सवय. पान उघडलं नाही की आपण काय करतो? रिफ्रेश. पुन्हा रिफ्रेश. सर्व्हर बिचारा पहिल्या रिक्वेस्टचं उत्तर तयार करत असतो, तेवढ्यात आपण ती सोडून दुसरी पाठवतो. जुनं काम वाया, नवीन काम डोक्यावर. म्हणजे सर्व्हर जितका हळू, तितकी गर्दी जास्त. एक भारी सर्व्हर दुप्पट भारी केला तरी कुठेतरी मर्यादा येतेच, शिवाय तो एक बंद पडला की सगळंच बंद. तीन मध्यम सर्व्हर घेतले, तर एक पडला तरी दोन उरतात. खरा फायदा हाच आहे.

फायरवॉलवरच का?

फायरवॉल म्हणजे नेटवर्कचा वॉचमन. बाहेरून येणारं प्रत्येक पॅकेट तिच्यातूनच आत जातं. कोणाला आत सोडायचं हे ती ठरवतेच. मग आत सोडताना कोणत्या खोलीत पाठवायचं हेही तिनेच ठरवलं तर बिघडलं कुठे?

काम असं चालतं. बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो, त्याला व्हर्च्युअल सर्व्हर किंवा व्हर्च्युअल आयपी म्हणतात. या पत्त्यावर खरं मशीन नसतंच. खरे सर्व्हर आत, खाजगी पत्त्यांवर असतात, समजा १९२.१६८.१०.११, १२ आणि १३. त्यांना रिअल सर्व्हर म्हणतात. रिक्वेस्ट व्हर्च्युअल पत्त्यावर आली की फायरवॉल पाकिटावरचा पत्ता खोडून तिघांपैकी एकाचा पत्ता लिहिते आणि आत पाठवते. उत्तर परत जाताना पुन्हा आपला बाहेरचा पत्ता लिहिते. बाहेरच्याला वाटतं, आपण एकाच सर्व्हरशी बोलतोय.

इथे एक अट लक्षात ठेवायची. उत्तर त्याच फायरवॉलमधून परत गेलं पाहिजे. म्हणून रिअल सर्व्हरचा गेटवे फायरवॉलच असावा. सर्व्हरने दुसऱ्याच वाटेने उत्तर पाठवलं, तर बाहेरच्या मोबाइलला वाटतं, "मी फोन केला एकाला, बोलतोय भलताच!" आणि तो ते उत्तर फेकून देतो. हॉस्टेलचं लॅन आणि सर्व्हर एकाच सबनेटमध्ये असले तर नेमका हाच घोळ होऊ शकतो. बाहेरून साइट छान उघडते, हॉस्टेलमधून नाही. म्हणून सर्व्हर वेगळ्या झोनमध्ये, म्हणजे डीएमझेडमध्ये ठेवतात. सुरक्षेच्या दृष्टीनेही तेच बरं.

वाटणी कशी करायची?

सोलापूर रोडवर कवडीपाटला टोल घेतला जायचा, ते दिवस स्टाफपैकी अनेकांना आठवत असतील. टोलनाक्याच्या लेन डोळ्यासमोर आणा, म्हणजे सगळ्या पद्धती पटापट कळतील.

राउंड रॉबिन : पहिली गाडी लेन एकला, दुसरी दोनला, तिसरी तीनला, चौथी पुन्हा एकला. एकदम सोपं. पण एका लेनमध्ये सुट्ट्या पैशांवरून वाद चालू असला तरी चौथी गाडी तिथेच पाठवली जाणार.

वेटेड : लेन तीनला अनुभवी माणूस आहे, तो तिप्पट वेगाने पावत्या फाडतो. मग त्याला तीन गाड्या आणि बाकीच्यांना एकेक. लॅबमधला जुना सर्व्हर आणि नवीन सर्व्हर एकत्र वापरायचा असेल तर हीच पद्धत.

लीस्ट सेशन : ज्या लेनमध्ये आत्ता सर्वांत कमी गाड्या, तिकडे पाठवा. सगळ्यात शहाणी वाटते. पण हिच्यात एक सापळा आहे, तो पुढे सांगतो.

स्टॅटिक किंवा सोर्स हॅश : गाडीच्या नंबरावरून लेन ठरवायची. तीच गाडी नेहमी त्याच लेनला. इथे गाडीचा नंबर म्हणजे येणाऱ्याचा आयपी पत्ता.

फर्स्ट अलाइव्ह : सगळ्या गाड्या लेन एकला, ती बंद पडली तरच दोनला. याला खरं तर वाटणी म्हणता येणार नाही, ही स्टँडबायची सोय आहे.

फोर्टिगेट फायरवॉलमध्ये या सगळ्या पद्धती तयार मिळतात, शिवाय दोन-तीन आणखी. फुकटात शिकायचं असेल तर पीएफसेन्स आहे. त्यात पूर्वी साधा लोड बॅलन्सर आतच असायचा. तो २०२१ च्या २.५.० आवृत्तीत काढून टाकला, आणि आता त्या जागी एचएप्रॉक्सी हे पॅकेज टाकायचं असतं. त्यात पर्याय जास्त आहेत, फक्त वाचायची तयारी हवी.

जिवंत आहे, पण शुद्धीवर आहे का?

वाटणीइतकंच महत्त्वाचं दुसरं काम म्हणजे हेल्थ चेक. फायरवॉल ठराविक वेळाने प्रत्येक सर्व्हरला विचारते, "आहेस ना?" उत्तर आलं नाही की त्याला यादीतून बाजूला काढते. हा प्रश्न तीन प्रकारे विचारता येतो.

पहिला, पिंग. याने फक्त मशीन चालू आहे हे कळतं. दुसरा, टीसीपी. याने पोर्ट उघडा आहे हे कळतं. तिसरा, एचटीटीपी. यात फायरवॉल खरंच एक पान मागते आणि त्यात अपेक्षित शब्द आहे का ते तपासते.

पिंगवर भरवसा ठेवणं म्हणजे झोपलेल्या रूममेटचा श्वास चालू आहे म्हणून त्याने हजेरी लावली असं समजणं! वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर मेलेलं असतं, पण ऑपरेटिंग सिस्टिम पिंगला इमानदारीत उत्तर देत राहते. आणि इथेच तो लीस्ट सेशनचा सापळा येतो. समजा, सर्व्हर दोनचा डेटाबेसशी संपर्क तुटला. तो प्रत्येक रिक्वेस्टला क्षणार्धात "एरर ५००" म्हणून परत पाठवतो. काम करतच नाही, त्यामुळे त्याच्याकडे रांगही नाही. फायरवॉलला वाटतं, "वा, हा किती मोकळा आहे!" आणि ती आणखी गर्दी त्याच्याकडेच पाठवते. तीनपैकी एक सर्व्हर बिघडला तर एक तृतीयांश लोकांना त्रास व्हायला हवा. इथे जवळजवळ सगळ्यांनाच होतो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक सर्व्हरवर एक छोटंसं पान ठेवायचं. ते पान उघडलं की आत डेटाबेसला एक हलका प्रश्न विचारायचा आणि उत्तर आलं तरच "ठीक" असा ठरलेला शब्द छापायचा. फायरवॉलला तोच शब्द शोधायला सांगायचं.

किती वेळाने विचारायचं? दर दहा सेकंदांनी विचारलं आणि तीनदा नापास झाल्यावर बाहेर काढायचं ठरवलं, तर साधारण तीस सेकंद मेलेल्या सर्व्हरकडे लोक जात राहतात. सेकंदाला १,००० रिक्वेस्ट आणि तीन सर्व्हर असतील, तर ३३३ गुणिले ३० म्हणजे जवळपास दहा हजार रिक्वेस्ट पाण्यात. दोन सेकंदांनी विचारलं तर हाच आकडा दोन हजारांवर येतो. मग दर सेकंदाला का नाही विचारायचं? कारण गर्दीत सर्व्हर जरा हळू झाला तरी फायरवॉल त्याला मेलेला समजेल, त्याचं ओझं उरलेल्यांवर टाकेल, तेही हळू होतील, आणि एकेक करून सगळेच "मेलेले" ठरतील. अति घाई संकटात नेई, ही पाटी इथेही लावता येते.

हॉस्टेलवाल्यांनो, हा भाग नीट वाचा

आपण एखादा लांबलचक ऑनलाइन अर्ज भरतोय. चार पानं झाली. पहिली चार पानं सर्व्हर एकच्या मेमरीत आहेत आणि पाचव्या पानाला फायरवॉलने आपल्याला सर्व्हर दोनकडे पाठवलं. दोन म्हणतो, "आपण कोण?" आणि पुन्हा लॉगिनचं पान समोर. हा प्रकार टाळण्यासाठी पर्सिस्टन्स असतो, म्हणजे एकदा ज्या सर्व्हरकडे गेलात, काम संपेपर्यंत त्याच्याकडेच.

पर्सिस्टन्सचा सोपा मार्ग म्हणजे आयपी पत्त्यावरून ओळखणं. पण आपलं हॉस्टेल बाहेरच्या जगाला कसं दिसतं? हॉस्टेलच्या सगळ्या मुलांचे लॅपटॉप आणि मोबाइल एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. याला नॅट म्हणतात. म्हणजे आपण पाचशे जण बाहेरच्या फायरवॉलसाठी एकच माणूस! सोर्स हॅश लावला असेल तर पाचशेच्या पाचशे एकाच सर्व्हरवर, आणि बाकीचे दोन माश्या मारत बसलेले. मोबाइल कंपन्याही हजारो ग्राहकांना थोड्याशा आयपीव्ही-४ पत्त्यांमागे ठेवतात, त्यामुळे तिथेही तेच.

याहून वाईट म्हणजे दर पत्त्यामागे कनेक्शनची मर्यादा. हल्ला थांबवायचा म्हणून कोणी "एका पत्त्यावरून मिनिटाला फक्त १०० रिक्वेस्ट" असा नियम लावला, तर घरी स्वतःचं ब्रॉडबँड असलेला एकटा मुलगा आरामात अर्ज भरतो आणि हॉस्टेलच्या मुलांना "नंतर प्रयत्न करा" दिसतं. अर्जाची शेवटची तारीख मात्र दोघांना सारखीच. कोणी मुद्दाम अन्याय केलेला नसतो, एक सेटिंग विचार न करता लावलेलं असतं, एवढंच.

म्हणून पर्सिस्टन्स कुकीवर ठेवावा. फायरवॉल प्रत्येक ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी देते, "तुझा सर्व्हर दोन." पुढच्या वेळी ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो. मग पत्ता एक असला तरी पाचशे जण पाचशेच राहतात. फक्त साइट एचटीटीपीएसवर असेल तर चिठ्ठी बंद पाकिटात असते. ते उघडायला साइटचं सर्टिफिकेट फायरवॉलवर ठेवावं लागतं, आणि उघडझाकीचं हे काम फायरवॉलच्या प्रोसेसरला जड जातं. छोट्या मॉडेलवर हे चालू करण्याआधी त्याची क्षमता बघून घ्यावी.

करायचं कसं? सहा पायऱ्या

फोर्टिगेट धरून सांगतो. इतर फायरवॉलमध्ये नावं बदलतील, क्रम साधारण हाच.

१) फीचर व्हिजिबिलिटीमध्ये जाऊन लोड बॅलन्स चालू करा. हे केल्याशिवाय मेन्यूत पुढचं काही दिसतच नाही, आणि "आपल्या फायरवॉलमध्ये ही सोयच नाही" असा गैरसमज होतो.

२) हेल्थ चेक तयार करा. प्रकार एचटीटीपी, पानाचा पत्ता आणि शोधायचा शब्द द्या.

३) व्हर्च्युअल सर्व्हर तयार करा. बाहेरचा पत्ता, पोर्ट, वाटणीची पद्धत, पर्सिस्टन्स आणि पायरी दोनमधला हेल्थ चेक निवडा.

४) त्यात रिअल सर्व्हर टाका. प्रत्येकाचा आतला पत्ता, पोर्ट, आणि जास्तीत जास्त किती कनेक्शन घ्यायची तो आकडा. प्रत्येक सर्व्हरला ॲक्टिव्ह, स्टँडबाय किंवा डिसेबल ठेवता येतं. त्यामुळे एकेक सर्व्हर बाजूला घेऊन भरदिवसासुद्धा दुरुस्ती करता येते.

५) फायरवॉल पॉलिसी लिहा : बाहेरून आत, आणि डेस्टिनेशन म्हणून हा व्हर्च्युअल सर्व्हर. ही पायरी विसरली तर सगळं बरोबर असूनही काही चालत नाही. कुकी वगैरे वापरायची तर पॉलिसीचा इन्स्पेक्शन मोड प्रॉक्सी हवा.

६) खरा पत्ता जपा. पॉलिसीत नॅट चालू असेल तर सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक जण फायरवॉलच्याच पत्त्यावरून आलेला दिसतो. उद्या कोणी गैरप्रकार केला तर शोधणार कसं? त्यासाठी 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' नावाच्या हेडरमध्ये मूळ पत्ता पुढे पाठवायची सोय असते, ती चालू करा. सर्व्हरलाही तो हेडर लॉगमध्ये लिहायला सांगा.

मग सर्वांत महत्त्वाची, पायऱ्यांत न येणारी गोष्ट : एका सर्व्हरची केबल काढून बघा. नंतर केबल लावून फक्त वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर बंद करून बघा. नंतर फक्त डेटाबेसचा पासवर्ड बदलून बघा. तिन्ही वेळा साइट चालू राहिली, तर काम झालं म्हणायचं.

बॅलन्सर काय करू शकत नाही

एक, रिकामी जागा निर्माण करू शकत नाही. प्रत्येक सर्व्हरची ताकद १०० धरा. तिघांवर ६०-६० भार असेल तर एकूण १८०. एक पडला तर उरलेल्या दोघांवर ९०-९०. निभावलं. पण तिघांवर ८०-८० असेल तर एकूण २४०. एक पडला की दोघांवर १२०-१२०, म्हणजे तेही पडणार. दोनच सर्व्हर असतील तर प्रत्येकावर निम्म्याहून कमीच भार हवा. "अर्धं मशीन रिकामंच असतं, पैसे वाया गेले," असं कोणी म्हटलं तर हे गणित दाखवा.

दोन, मागचा डेटाबेस एकच असेल तर पुढे दहा सर्व्हर लावूनही रांग तिथेच लागते. निकाल आणि प्रवेश अर्ज यात इथेच फरक आहे. निकाल फक्त वाचायचा असतो. प्रत्येक सीट नंबरची तयार फाइल आदल्या दिवशी बनवून सगळ्या सर्व्हरवर ठेवली, तर डेटाबेसची गरजच उरत नाही. अर्जात मात्र लिहायचं असतं, आणि ते शेवटी एकाच वहीत लिहावं लागतं. तिथे शेवटची तारीख टप्प्याटप्प्याने ठेवणं किंवा टोकन देऊन रांग लावणं, हे उपाय सर्व्हर वाढवण्यापेक्षा जास्त कामाला येतात.

तीन, फायरवॉल स्वतःच एकटी असेल तर तीन सर्व्हरच्या पुढे पुन्हा एकच दार राहतं. ती पडली की सगळं पडलं. म्हणून दोन फायरवॉलची जोडी लावतात, एक चालू आणि दुसरी तयारीत.

शेवटी

हे सगळं करून बघायला महागडं मशीन लागत नाही. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक पीएफसेन्स आणि दोन छोटे लिनक्स सर्व्हर आरामात बसतात. एकावर "मी पहिला", दुसऱ्यावर "मी दुसरा" असं पान ठेवा आणि रिफ्रेश करत बसा. या वेळी रिफ्रेशला कोणी नावं ठेवणार नाही! थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर हा घ्या. फक्त रिपोर्टमध्ये "साइट फास्ट झाली" एवढंच लिहू नका, सर्व्हर पाडल्यावर किती रिक्वेस्ट वाया गेल्या तो आकडा लिहा.

आपल्यापैकी बरेच जण दोन-तीन वर्षांत कुठल्यातरी कंपनीत किंवा सरकारी खात्यात अशाच एखाद्या फायरवॉलसमोर बसतील. तेव्हा पलीकडे कोण असतं हे आठवावं : गावातल्या एकाच मोबाइलवर तिघा भावंडांचे अर्ज भरणारी एखादी मुलगी, तेही रेंज असेल तेव्हा. तिच्याकडे भराभर रिफ्रेश करायला वायफाय नसतं. हेल्थ चेक पिंगवर ठेवला की एचटीटीपीवर, पर्सिस्टन्स पत्त्यावर ठेवला की कुकीवर, हे आपण पाच मिनिटांत ठरवून टाकतो, पण तिचं वर्ष त्यावर अवलंबून असू शकतं. तेव्हा ती पाच मिनिटं जरा शांतपणे द्या.